तिसरी प्रत

४ मे २०२५, रविवार

सगळ्या हार्ड डिस्का आज पलंगावर मांडल्या. बाबांनी त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवल्या होत्या, मध्ये जुन्या बनियनच्या चिंध्या. प्रत्येकीवर पांढरी पट्टी, पट्टीवर मार्करने नवरीचं नाव आणि गाव. ‘श्रद्धा – कळंब’. ‘नम्रता – कोंडाणे, हळद + लग्न’. नवऱ्यांची नावं कुठेच नाहीत. ऑर्डर नवरीकडून यायची, म्हणून.

दहिवलीच्या एका गाळ्यात वीस-बावीस वर्षं चाललेला व्हिडिओ शूटिंगचा धंदा, आणि प्रत्येक लग्नाची मूळ प्रत एकच! एक डिस्क हातातून पडली की एका घराचं लग्न गेलं. बाबांना कधी भीती वाटली नाही. बाबा गेले तरी नीलेशलाही वाटत नाही.

“ताई, एकच मोठी डिस्क घेऊ, सगळं तिच्यात टाकू. झंझट नको.”

“आणि ती गेली की?”

“नवीन हाय ती. कशाला जाईल?”

हा माझा धाकटा भाऊ. धंदा आता हा चालवतो.

आई दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, “यात तुजे बाबा असतील ना गं कुठंतरी?”

तिथीने जूनच्या अखेरीस वर्षश्राद्ध येतंय. त्या दिवशी तिला बाबांना टीव्हीवर बघायचंय – चालताना, बोलताना. भिंतीवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावलाय. त्यात ते पकडून आणलेल्या माणसासारखे दिसतात. आई त्या फोटोला हार घालते आणि म्हणते, “हे ते न्हाईतच.”

मी म्हटलं, असतील.

७ मे

ठरलं. चार डिस्कांची मांडणी नको. दोनच घ्यायच्या, मिरर करायच्या. एक गेली तर दुसरीवरून सरळ उभं करता येतं, हिशेब सोपा राहतो.

नीलेश – “दोन डिस्क म्हंजे डबल जागा ना?”

“नाही. जागा एकीचीच. दोघींवर तेच लिहिलं जातं.”

“मंग दुसरीचा उपयोग काय?”

“पहिली मरायची वाट बघणं.”

“धाकट्या भावासारखं!” म्हणाला आणि स्वतःच हसला. मी हसले नाही. वाक्य मात्र बरं होतं.

फाइल सिस्टिमचा, म्हणजे डिस्कवर फायली कशा मांडायच्या त्याचा, प्रश्न वेगळा. साधी फाइल सिस्टिम डिस्कवर जे आहे ते वाचून देते. आत एखादा तुकडा बिघडला असला तरी तिला पत्ता नसतो. आज ‘श्रद्धा – कळंब’ लावून पाहिली. नवरीच्या अर्ध्या तोंडावर हिरवे चौकोन. डिस्कला विचारलं तर ती म्हणते, सगळं ठीक आहे. आमच्या घराची पद्धत!

झेडएफएस नावाची फाइल सिस्टिम प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची खूण लिहून ठेवते आणि वाचताना ती पडताळते. जुळली नाही तर दुसऱ्या डिस्कवरचा चांगला तुकडा आणून पहिल्या डिस्कवरचा दुरुस्त करते. आणि मुख्य म्हणजे, झालेलं सांगते. बीटीआरएफएसही हे करते, पण झेडएफएसवर मी कंपनीत चार वर्षं काम केलंय. सांगणारी फाइल सिस्टिम हवी. न सांगणारी माणसं पुरेशी झाली.

बाबांनी मला संगणकाबद्दल आयुष्यात एकदाच काही विचारलं. मी ऐरोलीला पीजीत राहत होते तेव्हा. फोनवर म्हणाले, “पुसलेलं पन लोक परत काडतात म्हनं. कोनालाच काडता येनार नाय असं कसं पुसायचं?” मी सांगितलं – क्विक फॉरमॅटची खूण काढा, फुल करा, बरेच तास लागतील, मध्ये बंद करू नका. “बरं. एका पार्टीचं काम हाय,” म्हणाले. ठेवला फोन. त्या काळात आमचं बोलणं एवढंच असायचं. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटत नाही असं मी ठरवलंय.

११ मे, रविवार

यंत्र उभं राहिलं. कंपनीतून निकालात निघालेला जुना सर्व्हर – स्वतःच्या चुका पकडणारी मेमरी आहे त्यात, तीच महत्त्वाची. यूपीएस जोडला, कारण आमच्याकडे वारा सुटला तरी लाईट जाते. जागा: बाबांचं कॅमेऱ्याचं कपाट, मधला कप्पा. जमिनीवर नको. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. खालच्या कप्प्यातल्या जुन्या कॅसेटींना बुरशी आलीच आहे.

आई हळदकुंकू घेऊन आली. पाठोपाठ नारळ!

“नारळ दाराबाहेर फोड,” मी म्हटलं. “इथे पाण्याचा थेंब नको.”

“अगं, मशीनपुढं फोडतात.”

“टेंपोपुढे. यापुढे नाही.”

ती बाहेर गेली. तेवढ्यात तिने दोन्ही डिस्कांवर कुंकवाचं बोट टेकवून घेतलेलं होतं. मी पुसलं नाही. झाकणावरच होतं.

१७ मे, शनिवार

कॉपी चालू आहे. सगळ्यात जुनं आधी. उतरवताना प्रत्येक लग्न थोडं थोडं बघते – चित्र बिघडलंय का ते पाहायला, आणि आईसाठी.

बाबा कुठेच नाहीत.

आवाज आहे. सगळीकडे आहे. “वैनी, हिकडं बगा!” “लाईट मार रं, लाईट मार, झोपला का?” “मामा, तुमी जरा सरका, नवरी झाकली.” कोंडाण्याच्या लग्नात लग्नगाणी म्हणणारी धवलारीण येसूबाई हळदीचे धवले म्हणतेय, डोळे मिटून, आणि मध्येच बाबांचा आवाज – “येसूबाई, परत एकदा म्हना. मगाशी ढोलवाला मधी आला.” येसूबाई डोळे उघडते. “देवाला पोचलं रं ते, तुज्या मशीनला नाय पोचलं त्याला मी काय करू?” सगळ्या बाया हसतात. मग ती पुन्हा पहिल्यापासून म्हणते.

हेच चालायचं. बाबांनी हात वर केला की लग्न थांबायचं. अंतरपाट पुन्हा धरायचा. माळ पुन्हा घालायची. लोकांना त्यात काही गैर वाटत नसे. एकदा देवासाठी, एकदा कॅसेटसाठी.

१८ मे

अजून नाही. एका कपाटाच्या आरशात कोपर दिसलं. कोपर आणि कॅमेऱ्याचा पट्टा.

२४ मे, शनिवार

नीलेशने गावातल्या, नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर टाकलं – बाबांची क्लिप असेल तर पाठवा. चार आल्या. चारही कुठल्या ना कुठल्या नवरीच्या. एकीत कडेला बाबांची पाठ आहे. फोटो काढू म्हटलं की बाबा नेहमी म्हणायचे, “कॅमेरावाल्याला कोन बगतंय रं?” आणि सरकायचे. जमलं त्यांना!

आईला पाठ दाखवली. म्हणाली, “शर्ट वळकला.”

२५ मे, रविवार

जेवताना नीलेश म्हणाला, “ताई, तुज्या लग्नात हायेत ना.”

आईने भाताचं पातेलं उचललं आणि आत नेलं. भात संपला नव्हता.

हो. आहेत. नवरीचा बाप कॅमेऱ्याच्या मागे कसा राहील? आयुष्यात एकदाच कॅमेरा नीलेशकडे दिला आणि फेटा बांधून समोर उभे राहिले. तिथेही गप्प बसवलं नाही. प्रवीणने मंगळसूत्र बांधलं तेव्हा नीलेशचा फोकस गेला, तर बाबाच ओरडले – “परत एकदा, जावयबापू! क्लोजअप राह्यला!” म्हणून माझं मंगळसूत्र दोनदा बांधलं गेलं. रिडंडन्सी – एक बिघडली तर म्हणून जादा प्रत. दोन्ही प्रती खराब निघाल्या.

खालापूरच्या त्या घरात मी पावणेदोन वर्षं होते. काय झालं ते इथेही लिहिणार नाही. बॅग घेऊन परत आले ते नोव्हेंबरात. डिसेंबरात त्यांच्याकडे बैठक झाली. सगळं ऐकून झाल्यावर प्रवीणची आई म्हणाली, “आमी काय तिला हाकलली नाय. ह्यो घ्या चा.” आणि बाबांनी चहा घेतला. मी बाजूला उभी. त्यांनी बशीत ओतून, फुंकर मारून, सगळा घेतला. वर “येतो, जावयबापू” म्हणाले. परतताना गाडीत एक शब्द नाही. मी दुसऱ्या आठवड्यात ऐरोलीला राहायला गेले. बाबा गेले तोवर आम्ही नीट बोललो नाही.

पुढच्या जुलैत ते गेले. त्यांच्याबद्दल जे ठरवायचं ते माझ्यापुरतं त्या बशीतच ठरलं होतं.

प्रतींचा हिशेब. बाबांचा नेम होता – नवरीकडे एक पेनड्राइव्ह, नवऱ्याकडे एक, मूळ स्टुडिओत. न शिकता बरोबर नियम: तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या छपराखाली. आमच्या घरातला पेनड्राइव्ह आणि अल्बम मी परत आल्याच्या आठवड्यात परसात जाळला. प्लॅस्टिकचा काळा धूर झाला होता. बाबा पायरीवर बसून बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं.

मूळ स्टुडिओत. ती डिस्क या डब्यांतच आहे. मी पहिल्या दिवशीच पाहिली आणि तळाशी सरकवली. ‘समीक्षा – घरचं’. गावाच्या जागी ‘घरचं’.

आईसाठी बाबांचा तेवढा भाग काढायचा. बाकीचं न बघता. जमेल.

३१ मे, शनिवार

जमवायला आठवडा गेला. उद्या.

१ जून, रविवार

डिस्क रिकामी.

बिघडलेली नाही – आवाज नाही, वाचताना चूक नाही. फॉरमॅट केलेली. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल सिस्टिमच्या, आतल्या फायलींवर फॉरमॅटची वेळ असते: १७ मार्च २०२४. वाटलं, वरवर पुसलं असेल, खालचं काढता येईल. खालून वाचायला लावली. शून्यं. पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं. फुल फॉरमॅट. काही म्हणजे काही काढता येणार नाही. मलाही नाही, कोणालाच नाही.

नीलेशला बोलावलं.

“त्या मार्चमध्ये ड्रोनचं शूट होतं तुझं. जागा नव्हती. कुठली डिस्क घेतलीस?”

“ही नाय. ताई, शपथ.”

“मग आपोआप झाली?”

“मी फुल फॉरमॅट करीन का गं? मला दहा मिन्टं धीर नसतो, तुला माहीत हाय.”

हे खरं आहे. तरी मी थांबले नाही. गेल्या वर्षी त्याने हरवलेलं कार्ड उकरून काढलं, कळंबच्या पार्टीचं बिघडलेलं एडिटिंग काढलं. “बाबांचं एक चित्र उरलं होतं,” मी म्हटलं, “तेवढंही तुला सांभाळता आलं नाही.”

तो पांढरा पडला. “सोताचं लग्न तू सोता जाळलंस. मी काय बोललो का तुला? मंग आता माज्या नावानं बोंब कशाला?”

गेला. गाळ्यावर झोपणार म्हणे.

आई आतच होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

८ जून

नीलेश जेवायला येतो, माझी पाठ असताना जेवतो, जातो. बरं आहे.

सर्व्हरचं सगळं नीट चाललंय. रोज आपोआप स्नॅपशॉट – त्या त्या दिवशीचं चित्र जसंच्या तसं धरून ठेवतो. कोणी काही पुसलं तरी कालच्या दिवसात जाऊन परत आणता येतं. मिररला हे जमत नाही. एका डिस्कवर पुसलं की दुसरीवरही त्याच क्षणी पुसलं जातं. म्हणून मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. घरी शिकवायचं राहिलं.

१४ जून, शनिवार

बाबांचे आवाज एकत्र केले. सगळ्या लग्नांतून. चोवीस मिनिटं झाली. आईला हेडफोन लावून दिला.

ती ऐकत बसली. एकदा हसली – येसूबाईच्या ठिकाणी. मग हेडफोन काढून नीट घडी घातल्यासारखा ठेवला.

“ह्यो आवाज मला रोजच येतो गं,” म्हणाली. “कानात हायेच. मला त्यांचं त्वांड आठवंना झालंय. फोटोकडं बगून बगून फोटोच आठवतो.”

मी हेडफोनची वायर गुंडाळली.

मग आईनेच विचारलं – “खालापूरला असंल ना एक? नवऱ्याकडचा?”

“त्यांच्याकडे मी मागणार नाही.”

“नको मागू.” लगेच म्हणाली. “मी आपलं इचारलं.”

मग ती उठून कॅमेऱ्याचं कपाट पुसायला लागली. सकाळीच पुसलं होतं.

१५ जून

तिसरी प्रत. दुसऱ्या छपराखाली. मी स्वतःच्या तोंडाने हा नियम लोकांना सांगते.

बाबा जिवंत दिसतात असं जगात एकच ठिकाण उरलंय, आणि ते त्या बाईच्या शोकेसमध्ये आहे. काचेच्या बाहुल्या आणि स्टीलच्या मोराच्या मध्ये. पेनड्राइव्हचा लाल मखमलीचा डबा. जागासुद्धा डोळ्यांसमोर आहे.

आग लागली, पूर आला, चोरी झाली तर – म्हणून दूरची प्रत असते. दूरची प्रत ज्याच्याकडे आहे त्याच्यापुढे हात पसरावा लागला तर काय, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

२१ जून, शनिवार

पुढच्या शनिवारी वर्षश्राद्ध. आईचे भाऊ गोमामामा आचाऱ्याला सांगून आले. आईने टीव्हीवरचं कापड धुतलं. टीव्हीचं का, हे तिला विचारलं नाही.

वाईट याचं वाटतं की ती मागत नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

२२ जून

प्रवीणचा नंबर मी ब्लॉक केलाय. त्याच्या आईचा पाठ आहे. बोट जात नाही.

२४ जून

प्रतींची पडताळणी चालवली – स्क्रब. सगळे तुकडे वाचले, सगळ्या खुणा जुळल्या. चुका शून्य. तालुक्यातल्या सगळ्या नवऱ्या सुखरूप आहेत, निदान डिस्कवर.

काय बोलायचं ते ठरवलं. नमस्कार. तुमच्याकडे लग्नाचा पेनड्राइव्ह आहे, तो दोन दिवसांसाठी हवा. माणूस पाठवते. बस्स. कारण सांगायचं नाही. कारण विचारलं तर – आईसाठी. रडायचं नाही. हे शेवटचं लिहायची गरज नव्हती.

२७ जून, शुक्रवार

फोन केला.

“आता आठवन झाली व्हय गं?” प्रवीणची आई म्हणाली. मी ठरवलेलं वाक्य म्हटलं. मग – “त्यो तुज्या बाबानीच नेला की! गेल्या सालच्या शिमग्याच्या आधी आलते. एकलेच. अल्बम द्या म्हनले, पेनड्राइव द्या म्हनले. प्रवीनच्या मोबाईलमदले फोटो पन म्होरं उभं राहून पुसाय लावले. मी म्हनलं, इवाय, बसा तरी. तर म्हनले, ‘माजी पोर तुमच्या घरात कशातच राह्याला नको.’ चा केलेला. हात पन नाय लावला. तुला सांगितलं नाय त्यानी?”

नाही.

शिमग्याच्या आधी. १७ मार्च. तिकडचं सगळं आणलं, घरी येऊन उरलेली डिस्क काढली, आणि मी सांगितल्याप्रमाणे – खूण काढून, मध्ये बंद न करता. एका पार्टीचं काम. त्यात आपणही आहोत हे त्यांच्या ध्यानातसुद्धा आलं नसेल.

नीलेश गाळ्यावर आहे. आधी तिकडे जाते.

बाबांनी चहाला हात लावला नाही!